प्लाक मोठे दिसले की आधी शंका घ्या

कोरोनाविषाणूंच्या लॅबमध्ये नव्याने आलेल्यांना पेशी वाढवणं, पीपीई नीट उतरवणं, आरटी-पीसीआर लावणं शिकवायला माणसं मिळतात. स्टॉक, म्हणजे प्रयोगांसाठी वाढवून गोठवलेला विषाणूचा साठा, कसा बिघडतो हे मात्र कुणी सांगत नाही, आणि पीएचडीचं एक वर्ष तिथेच जातं.

सार्स-कोव्ह-२ (कोविडचा विषाणू) वाढवायला बहुतेक ठिकाणी व्हेरो ई६ या पेशी वापरतात. माकडाच्या मूत्रपिंडातल्या, सांभाळायला सोप्या; इंटरफेरॉन (विषाणूंना रोखणारी प्रथिनं) बनवत नाहीत, म्हणून विषाणू भराभर वाढतो. पण माणसाच्या श्वसनमार्गातल्या पेशींवर असणारं टीएमपीआरएसएस२ हे विकर इथे जवळजवळ नसतं. त्यामुळे विषाणूला पृष्ठभागावरून थेट शिरता येत नाही. एंडोसोममधून, म्हणजे पेशी आत ओढते त्या पिशवीतून, कॅथेप्सिन एल या विकराच्या मदतीने जावं लागतं. या वाटेवर आधीच कापलेला स्पाइक (विषाणूवरचं काट्यासारखं प्रथिन) नडतो. स्पाइकवर फ्युरिन हे विकर कापतं ती जागा, म्हणजे ६८१ ते ६८५ क्रमांकांची पीआरआरएआर ही पाच अमिनो आम्लं, ज्या विषाणूत गळाली किंवा बदलली तो बाकीच्यांना मागे टाकतो. कधी जागा शाबूत राहते आणि तिच्या अलीकडचा क्यूटीक्यूटीएन हा तुकडा (६७५ ते ६७९) गळतो, परिणाम तसाच. दोन-चार पॅसेजमध्ये (नव्या पेशींवर पुन्हा वाढवण्याच्या फेऱ्यांत) ट्यूबभर त्याचीच पिलावळ होते.

सापळा असा, की हा बिघाड यशासारखा दिसतो. बदललेला विषाणू व्हेरो ई६वर मोठे, स्वच्छ प्लाक (पेशींच्या थरात विषाणूने पाडलेली भोकं) देतो. टायटर, म्हणजे मिलीलीटरमागे संसर्गक्षम विषाणूंची संख्या, छान येतो. आरटी-पीसीआर पॉझिटिव्हच राहते, कारण नेहमीचे प्रोब (चाचणीतले शोधक तुकडे) एन किंवा आरडीआरपी जनुकावर बसतात, या जागेवर नाही. त्यात कुणी ‘मोठा प्लाक उचल आणि शुद्ध कर’ म्हणालं, तर बिघडलेला विषाणू तुम्ही हाताने निवडून घेता. पुढे हॅमस्टरमध्ये औषध न दिलेल्या गटाचंही वजन फारसं घटत नाही, आणि मग डोस, पिंजरे, खाद्य सगळ्यांवर संशय घेऊन होतो. ट्यूबवर कुणी घेत नाही.

सीक्वेन्सिंग केलं म्हणजे सुटलो असंही नाही. कन्सेन्ससमध्ये, म्हणजे सगळं मिळून काढलेल्या एका क्रमात, बहुमताचाच अक्षरक्रम दिसतो. ३० टक्के विषाणू बदलले असले तरी अहवाल स्वच्छ येतो आणि पुढच्या पॅसेजला तेच ३० टक्के ९० होतात. म्हणून जीनोममधल्या २३,५८५ ते २३,६१७ या पट्ट्यातले रीड (यंत्राने वाचलेले छोटे तुकडे) स्वतः उघडून बघा. ५ टक्क्यांवरचा प्रत्येक बदल टिपून ठेवा. गळालेला तुकडा रीडच्या टोकाशी आला तर अलाइनमेंट (रीड संदर्भाशी जुळवणारं सॉफ्टवेअर) ते टोक छाटून टाकतं, तेही तपासा. तुलना वुहानच्या संदर्भाशी करू नका, रुग्णाच्या मूळ स्वॅबशी करा. डेल्टात पी६८१आर (६८१व्या जागी पीऐवजी आर) आणि ओमायक्रॉनच्या सुरुवातीच्या उपप्रकारांत पी६८१एच मुळातच असतात. ते दिसले म्हणून घाबरू नका. स्वॅबचा थोडा भाग उणे ८० अंशांवर राखून ठेवला असेल तरच ही तुलना करता येते.

स्टॉक बनवताना: बीएसएल-३मध्ये (कडक जैवसुरक्षेच्या लॅबमध्ये), फुप्फुसाच्या कॅलू-३ किंवा टीएमपीआरएसएस२ घातलेल्या व्हेरो पेशी घ्या. एमओआय (एका पेशीमागे किती विषाणू) ०.०१ किंवा त्याहून कमी. रोज दोनदा बघा. टीएमपीआरएसएस२ असलेल्या पेशी एकमेकींत मिसळून लवकर मरतात, तेव्हा ‘७२ तासांनी काढू’ म्हणू नका. पहिल्या पॅसेजचा मास्टर, दुसऱ्याचा वर्किंग स्टॉक, तिसरा नाहीच. ट्यूब छोट्या भरा, एकदा वितळली की परत गोठवू नका. टायटरसाठी सहा खणांच्या प्लेटमध्ये दसपट विरलन, खणाला ०.२ मिली, एक तास ३७ अंशांवर, दर १५ मिनिटांनी हलवून. १०⁻⁴ला ४० प्लाक म्हणजे मिलीलीटरला २ × १०⁶. एकाच खणात लहान-मोठे प्लाक दिसले तर तो स्टॉक वापरू नका.

शेजारच्या लॅबमधून ‘पी३ (तिसरा पॅसेज) असेल बहुधा’ म्हणून मिळालेली ट्यूब घेऊ नये, हे माझं ठाम मत. आणि पॅसेज क्रमांक विचारल्यावर चिडणारा गाईड असेल तर तो क्रमांक त्याला ठाऊक नसतो.

औषधं तपासणाऱ्यांनाही हेच लागू. क्लोरोक्विन व्हेरोवर विषाणू रोखतं, कारण ते एंडोसोमची वाट अडवतं. फुप्फुसाच्या कॅलू-३ पेशींवर त्याने काही होत नाही. कॅमोस्टॅटचं नेमकं उलट: ते टीएमपीआरएसएस२ अडवतं, म्हणून व्हेरोवर निकामी वाटतं. एकाच पेशीवरचा निकाल घेऊन पेपर लिहायला बसू नका.

बीएसएल-३ मिळत नाही म्हणून खचू नका. २२९ई आणि ओसी४३ हे सर्दीचे कोरोनाविषाणू बीएसएल-२मध्ये, ३३ अंशांवर वाढतात. प्राण्यांचे विषाणू घेतलेत तर तिथेही पेशी विषाणूला वळण लावतात, हे धरूनच चाला. डुकरांना जुलाब लावणाऱ्या पीईडीव्ही या कोरोनाविषाणूला व्हेरोवर ट्रिप्सिन लागतं. माध्यमात सीरम राहिलं की ते ट्रिप्सिनला मारतं आणि नवखा म्हणतो नमुना निगेटिव्ह. मांजरांचा दुसऱ्या प्रकारचा कोरोनाविषाणू पेशींत सहज वाढतो, पण बहुतेक मांजरांत असतो पहिला, जो वाढायला तयार होत नाही. कोंबड्यांचा कोरोनाविषाणू आयबीव्ही ९ ते ११ दिवस उबवलेल्या अंड्यांत वाढवतात. पहिल्या फेरीत अंड्यात काहीच दिसलं नाही तर टाकू नका, आणखी दोन-तीन फेऱ्या द्या. बुटका, गुंडाळलेला गर्भ नंतर दिसतो. याच विषाणूची एच१२० लस अंड्यांतल्या १२० पॅसेजने मवाळ झालेली आहे. लशीसाठी तो गुण. तुमच्या स्टॉकसाठी नाही. म्हणून ट्यूबवर तारखेआधी पेशीचं नाव आणि पॅसेज क्रमांक लिहा, पेन्सिलने नाही.