नेट अडकतं ते केबलच्या टोकाशी: कनेक्टर लावताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरांनी ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलेला. मोबाईलला वायफायवर स्पीड चांगला यायचा, पण रिसेप्शनवरच्या कॉम्प्युटरला काही केल्या ९४ च्या वर जाईना. राउटर बदलून झाला होता. नेटवाल्यांचा माणूस दोनदा येऊन ‘मशीनचाच प्रॉब्लेम आहे’ म्हणून गेला होता. मी केबलचं टोक काढून मोबाईलच्या टॉर्चसमोर धरलं. कनेक्टरचं प्लास्टिक पारदर्शक असतं, आतल्या आठही वायरी दिसतात. सात वायरी अगदी पुढच्या भिंतीला टेकलेल्या आणि आठवी, तपकिरी, जेमतेम दोन मिलिमीटर मागे राहिलेली. टोक कापलं, नवा कनेक्टर लावला, दहा मिनिटांत काम झालं.

हा ९४-९५ चा आकडा लक्षात ठेवा. १०० एमबीपीएसच्या लिंकला चारच वायरी लागतात: १, २, ३ आणि ६ नंबरच्या. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी कुठे सुटली, की बहुतेक उपकरणं न सांगता १०० वर उतरतात. नेट चालू असतं, त्यामुळे केबलचा संशय कुणालाच येत नाही. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये इथरनेटच्या पानावर लिंक स्पीड लिहिलेला असतो. तिथे १००/१०० दिसलं, तर आधी दोन्ही टोकं तपासा. मात्र स्वस्त राउटरचे पोर्टच कधीकधी १०० चे असतात, तेवढं त्याच्या खोक्यावर वाचून घ्या.

रंगांचा क्रम ‘दोन्हीकडे सारखा’ असून भागत नाही

ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते, आणि ती करणारा माणूस बऱ्याचदा प्रामाणिकपणे काम करणारा असतो. त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं की रंग कुठलेही लाव, दोन्ही टोकांना सारखे लाव म्हणजे झालं. मग तो नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी अशा ओळीने वायरी बसवतो. टेस्टर लावला की आठही दिवे एकापाठोपाठ एक लागतात. पैसे घेऊन तो निघून जातो.

गडबड कुठे होते बघा. केबलमध्ये दोन-दोन वायरींना पीळ असतो तो उगाच नसतो. एका जोडीतून सिग्नल जातो आणि त्या पिळामुळे बाहेरचा आणि शेजारच्या जोडीचा त्रास कटतो. ३ आणि ६ नंबरवर एकाच जोडीच्या वायरी यायला हव्यात. वरच्या क्रमाने लावलं, तर ३ वर हिरव्या जोडीतली वायर येते आणि ६ वर निळ्या जोडीतली. करंट जातो, पण पीळ वाया जातो. दोन मीटरच्या केबलला ते खपून जातं. तीच केबल तिसऱ्या मजल्यावरून डक्टमधून खाली उतरवली, की व्हिडिओ कॉल अडखळतो, कॅमेरा गायब होतो, पुन्हा येतो. साधा टेस्टर फक्त वायर जोडलेली आहे का ते सांगतो, जोडी फुटली आहे का ते सांगत नाही.

आपल्याकडे सर्रास चालतो तो ५६८-बी क्रम. कनेक्टरची खिटी खाली आणि पोर्टमध्ये जाणारं तोंड तुमच्यापासून लांब धरलं, की डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी येते, तीही उलटी. इथेच हात चुकतो. टोकाशी पीळ उलगडायचा तो जास्तीत जास्त १३ मिलिमीटर. सोयीसाठी दोन-अडीच इंच उलगडून ठेवलेल्या वायरी मी रोज बघतो, आणि मग क्रम बरोबर असूनही डेटात चुका येतच राहतात. केबलचं वरचं साल कनेक्टरच्या आत गेलेलं असलं पाहिजे, म्हणजे मागची पट्टी सालीला दाबते. बाहेर रंगीत वायरी उघड्या दिसत असतील, तर ते टोक महिन्या-दोन महिन्यांत हलणारच.

बसलं म्हणजे जुळलं, असं नाही

लँडलाइनची छोटी पिन, म्हणजे आरजे-११, इथरनेटच्या पोर्टमध्ये आरामात जाते. खट्कन आवाजही होतो. पण तिचं अंग अरुंद असतं आणि कडेचं प्लास्टिक पोर्टमधल्या १ आणि ८ नंबरच्या तारांवर दाब देतं. त्या तारा वाकल्या, की नंतर चांगली केबल लावूनही तो पोर्ट नीट चालत नाही. फोनची वायर राउटरवर फोनचं चित्र असलेल्या भोकातच लावा.

कॅट-५ई आणि कॅट-६ हे नेटच्या केबलचे दर्जे; कॅट-६ च्या केबलला कॅट-५ई चा कनेक्टर ही तशीच गोष्ट. कॅट-६ ची तार साधारणपणे जाड असते, ती त्या खाचेत पूर्ण सरकत नाही. जोर लावून दाबलेली तार आज चालते, उद्या सुटते. शिवाय भिंतीतली केबल एकेरी भरीव तारेची असते आणि मऊ पॅच कॉर्ड बारीक तारांच्या गुच्छाची. दोघींसाठी कनेक्टरची पाती वेगळी असते, भरीव तारेला दोन्ही बाजूंनी धरणारी आणि गुच्छात घुसणारी. दुकानात विचारून घ्या.

एक सांगतो, कारण त्यात लोकांचे पैसे फुकट जातात: तारेवर ब्लेडने हलकेच खरवडून बघा. वर तांबं आणि आत चांदीसारखी पांढरट धातू निघाली, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. ती पटकन मोडते, आणि त्याच केबलमधून वीज घेणारे कॅमेरे लावले तर गरम होते. तिला कितीही चांगला कनेक्टर लावा, उपयोग नाही.

फायबर: हिरव्यात हिरवा, निळ्यात निळा

घरोघरी फायबर आल्यापासून सर्वात महागात पडणारी चूक ही आहे. हिरव्या कनेक्टरचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही सारख्याच चौकोनी खोबणीत बसतात. तिरकं आणि सरळ समोरासमोर आलं, की मध्ये फट राहते, प्रकाश वाया जातो आणि दाबाने काचेच्या टोकाला ओरखडाही पडू शकतो. बदललेल्या मोडेमवर लाल एलओएस दिवा (सिग्नल येत नसल्याची खूण) लागला, तर आधी रंग बघा.

दुसरं म्हणजे धूळ. सिंगल मोड फायबरचा, म्हणजे घरोघरी येणाऱ्या फायबरचा, गाभा ९ मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसाच्या जाडीचा एक लहानसा अंश. पेठेत एखाद्या वाड्याचं पाडकाम चालू असलं, की शेजारच्या दोन-तीन इमारतींतून मला हमखास फोन येतात. टोकाला बोट लावू नका, शर्टाला पुसू नका. धागे न सोडणारं कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, एकाच दिशेने पुसा, लगेच जोडा. पिन काढून ठेवायची असेल तर टोपी लावूनच ठेवा. आणि टोकात डोकावून बघू नका, मुलांनाही बघू देऊ नका. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो असतो.

ऑफिसच्या स्विचवर लागतो तो एलसी नावाचा छोटा फायबर कनेक्टर. तिथे पिवळी केबल सिंगल मोडची, नारिंगी किंवा फिकट निळसर-हिरवी मल्टिमोडची, म्हणजे जाड गाभ्याच्या फायबरची. स्विचमध्ये बसणारं फायबरचं मॉड्यूल एका प्रकारचं आणि केबल दुसऱ्या प्रकारची लावू नका. जुन्या सीसीटीव्हीचा पिळून बसवायचा बीएनसी आणि सेटटॉप बॉक्सचा आटे असलेला एफ कनेक्टर यांचा नेटच्या पोर्टशी संबंध नाही, तिथे कन्व्हर्टरने जुगाड करत बसू नका.

पावसाआधी गॅलरीतला जोड बघा

केबल कमी पडली की वायरी सोलून, पिळून, वर काळी टेप गुंडाळायची पद्धत अजूनही आहे. जूनमध्ये त्यात पाणी शिरतं, तांब्याला हिरवा गंज चढतो आणि गणपतीपर्यंत नेट रडतखडत चालतं. बाहेर जोड ठेवूच नका, सलग नवी केबल ओढा. नाइलाज असेल तर कपलर (दोन केबलची टोकं जोडणारा तुकडा) लावून तो बंद डबीत ठेवा. भिंतीत शिरण्याआधी केबलला खालच्या बाजूला एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं, तारेवरून आत वाहत येत नाही.

सामान आणायला पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत जाणार असाल, तर घरातल्या केबलचा वीतभर तुकडा कापून खिशात ठेवा आणि कनेक्टर तिथेच त्यावर सरकवून बघा. कनेक्टर मोजून दोन घेऊ नका, दहा घ्या. पहिले तीन-चार हात बसेपर्यंत वाया जातात.