जुनी, दुर्मीळ बॉक्सिंग लढत कशी शोधावी आणि कॅसेटमधून कशी सोडवावी

शोधायला निघण्याआधी एक गोष्ट तपासा: जी लढत हवी आहे, ती मुळात चित्रित झाली होती का? अमेरिकेचा मिडलवेट हॅरी ग्रेब सुमारे ३०० लढती लढला, पण त्याच्या एकाही लढतीची फिल्म आजवर सापडलेली नाही. सरावाची तेवढी आहे. १८९७ साली कार्सन सिटीत झालेली कॉर्बेट–फिट्झसिमन्स लढत शंभर मिनिटांहून लांब फिल्मवर टिपली गेली आणि आज तिचे काही तुकडेच उरले आहेत. अमेरिकेत १९१२ ते १९४० लढतींच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला कायद्याने बंदी होती, त्यामुळे त्या काळातलं बरंच काही चोरून फिरलं आणि चोरूनच नाहीसं झालं. हे सगळं बीड-परभणीत बसून सापडणार नाही, त्यात वेळ घालवू नका.

इथे सापडू शकतं ते वेगळं. आंतरमहाविद्यालयीन आणि राज्य स्पर्धांचं लग्नवाल्या कॅमेऱ्याने केलेलं शूटिंग, गावच्या क्रीडा मंडळाच्या उद्‌घाटनातल्या प्रदर्शनीय लढती, आणि टीव्हीवरून घरच्या व्हीसीआरवर उतरवून घेतलेल्या लढती. तिसरा प्रकार लोक हलक्यात घेतात. परदेशातली गाजलेली लढत जगात हजार ठिकाणी असेल, पण आपल्याकडे ती ज्या हिंदी समालोचनासह दिसली, ते प्रसारण कोणा एकाच्याच पोटमाळ्यावर असू शकतं. १९८० साली भारताचे हेवीवेट बॉक्सर कौर सिंग यांनी दिल्लीत मुहम्मद अलींशी चार फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत दिली होती. अशा लढतीचा मिनिटभराचा तुकडा हाती लागला तरी तो सोन्यासारखा.

कोणाकडे विचारायचं

पहिली फेरी जुन्या व्हिडिओ शूटिंगवाल्यांकडे. लातूर, नांदेड, जालना, संभाजीनगर, कुठल्याही शहरात ८०-९० च्या दशकात शूटिंग करणारी दोन-चार माणसं अजून भेटतात. त्यांना ‘बॉक्सिंगची कॅसेट आहे का’ असं विचारलं तर ‘नाही’ हेच उत्तर येतं. ‘युनिव्हर्सिटीच्या स्पर्धेचं काम कोणाकडे असायचं?’ असं विचारा. एडिट केलेली प्रत नको, कॅमेऱ्यातून निघालेली मूळ कॅसेट मागा. प्रतीवरून प्रत काढताना दर वेळी चित्र आणखी विरघळत जातं. दुसरी फेरी निवृत्त पी.टी. शिक्षकांकडे, तिसरी जुन्या खेळाडूंच्या घरी. भंगारवाल्याला नंबर देऊन ठेवा. घर पाडताना कॅसेटी किलोवर जातात.

कॅसेट हाती आली की शेवटपर्यंत बघा. त्या काळी कॅसेट महाग, म्हणून एकीवरच पुन्हा पुन्हा रेकॉर्डिंग व्हायचं. ई-१८० कॅसेट तीन तासांची. वर लग्न भरलं असेल आणि ते दोन तास वीस मिनिटांत उरकलं असेल, तर पाठवणीनंतर पडद्यावर मुंग्या येतात आणि मग अचानक जुनं काहीतरी सुरू होतं. ती उरलेली चाळीस मिनिटंच कामाची. लेबलवर ‘पप्पूचे लग्न’ लिहिलंय म्हणून बाजूला टाकू नका.

चालवण्याआधी

बहुतेक नुकसान पहिल्यांदा प्ले दाबताना होतं. मराठवाड्यात कॅसेटचे शत्रू दोन: मे महिन्यात पत्र्याखाली साठणारी उष्णता आणि पावसाळ्यात लागणारी बुरशी. उष्णतेने टेप ताणली जाते, वळते. बुरशी तर एका कॅसेटवरून व्हीसीआरमध्ये आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते.

कॅसेटच्या खिडकीतून टॉर्च मारून गुंडाळीची कड बघा. ती काळी, एकसारखी आणि चकचकीत असली पाहिजे. पिठूळ पांढरे ठिपके किंवा कडी दिसली तर ती बुरशी. कॅसेट मशीनमध्ये घालू नका, वेगळ्या पिशवीत बंद करून जाणकाराकडे द्या. मग बाजूचं छोटं बटण दाबून पुढचं झाकण उचला आणि टेप चुरगळलेली नाही ना ते बघा. बोट लावू नका. मागच्या कडेचा प्लॅस्टिकचा छोटा टॅब अजून शाबूत असेल तर आधी तो तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं तरी पुसलं जाणार नाही.

व्हीसीआरची परीक्षा टाकाऊ सिनेमाच्या कॅसेटवर घ्या. ती दोनदा नीट आत-बाहेर झाली तरच मौल्यवान कॅसेट घाला. हेड, म्हणजे व्हीसीआरमधल्या फिरत्या ड्रमवरचा टेप वाचणारा भाग, पुसायला मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) चालतं, तेही ९९ टक्क्यांचं. कानातल्या काडीचा कापूस हेडमध्ये अडकतो, म्हणून साधा कागद भिजवून ड्रमवर स्थिर धरा आणि ड्रम हाताने फिरवा. वर-खाली घासलं की हेड गेलंच समजा. नंतर दहा मिनिटं वाळू द्या. बरीच वर्षं पडून असलेली कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, मगच प्ले करा. एस-व्हीएचएस (साध्या व्हीएचएसपेक्षा वरच्या दर्जाची) कॅसेट साध्या व्हीसीआरवर नुसता कचरा दाखवते. ती खराब झाली असं समजून फेकू नका.

संगणकावर घेताना

पिवळी वायर चित्राची, पांढरी-लाल आवाजाची. एस-व्हिडिओची जागा असेल तर पिवळीऐवजी ती वापरा. कॅप्चरचं, म्हणजे संगणकात उतरवून घेण्याचं, सेटिंग पाल (आपल्याकडची टीव्ही-पद्धत), ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड. व्हर्च्युअलडब या प्रोग्राममध्ये हफवाययूव्हीसारख्या, माहिती न गमावणाऱ्या कोडेकने (व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीने) घ्या. तासाला ३० जीबीच्या आसपास जागा लागते, म्हणून डिस्क आधी रिकामी करा. वीज जाण्याची सवय आपल्याला आहेच, पण कॅप्चरच्या मधोमध गेली तर फाईल अर्धवट राहते आणि व्हीसीआरच्या पोटात टेप तशीच गुंडाळलेली अडकते. संगणक आणि व्हीसीआर दोन्ही यूपीएसवर ठेवा.

आता बॉक्सिंगपुरती एक खास बाब. इंटरलेस्ड चित्रात सेकंदाला ५० अर्धचित्रं असतात. सोपे कन्व्हर्टर त्यांतली निम्मी फेकून २५ फ्रेमची फाईल देतात. लग्नाला ते खपतं. पण जॅब क्षणात जाऊन परत येतो. फेकलेल्या निम्म्यात नेमका ठोसा लागल्याचा क्षण असू शकतो, आणि उरतं ते फक्त मागे गेलेलं डोकं. म्हणून मूळ फाईल इंटरलेस्डच ठेवा आणि पाहण्याची प्रत बॉब पद्धतीने, म्हणजे प्रत्येक अर्धचित्राची एक पूर्ण फ्रेम करून, ५० फ्रेमची काढा.

कधीची, ते कसं ठरवायचं

कॅमेऱ्याने छापलेल्या तारखेवर भरवसा नको, घड्याळ लावायचा कंटाळा सगळ्यांनाच असायचा. रिंगमध्ये बघा. हौशी पुरुषांच्या स्पर्धांत हेडगार्ड आंतरराष्ट्रीय पातळीवर १९८४ च्या सुमारास सक्तीचे झाले आणि वरिष्ठ गटात २०१३ पासून निघाले; जिल्हा पातळीवर बदल एखाद-दुसरं वर्ष उशिरा पोहोचला असेल, एवढी सूट धरा. घंटा मोजा: दोन मिनिटांच्या चार फेऱ्या असतील तर २००० ते २००८ चा काळ, तीन मिनिटांच्या तीन असतील तर त्याच्या बऱ्याच आधीचा किंवा नंतरचा. प्रेक्षकांमागचा बॅनरही वाचा. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. नुसतं ‘मराठवाडा विद्यापीठ’ असेल तर शूटिंग बहुधा त्याआधीचं.

जुनी मूक फिल्म हाती आली तर वेग असा तपासा: घंटेपासून घंटेपर्यंत फेरी १८० सेकंदांची हवी. २४ फ्रेमच्या वेगाने ती १३५ सेकंदांत संपत असेल, तर शूटिंग १८ फ्रेमचं आहे. वेग तेवढा उतरवा. खेळाडू उगीच चपळ दिसतात ते यामुळेच. फिल्मच्या डब्यातून शिरक्याचा (व्हिनेगरचा) वास येत असेल तर डबा उघडून प्रोजेक्टरवर चढवू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोला.

टीव्हीवरून घेतलेल्या लढतीचा हक्क कॅसेट घरात आहे म्हणून तुमचा होत नाही. भारतात प्रसारणाचा हक्क २५ वर्षं आणि चित्रपटाचा ६० वर्षं चालतो. जाहीरपणे टाकण्याआधी हिशेब करा. स्थानिक शूटिंगचं असेल तर शूटिंगवाल्याची परवानगी आणि नाव, दोन्ही घ्या.

फाईलच्या नावात वर्ष, ठिकाण, वजनगट, दोन्ही नावं आणि ‘कॅसेटवर काय लिहिलं होतं’ तेही टाका. दोन वेगळ्या हार्डडिस्कवर आणि तिसरी प्रत दुसऱ्या घरी; पेनड्राइव्हवर भिस्त नको. मालकाला कॅसेट परत करताना ती उभी ठेवायला सांगा, आडवी नको, आणि पत्र्याखाली तर नकोच.