पांडाची आई आणि पिल्लू पाहायला जाताना

भारतातील एकाही प्राणिसंग्रहालयात मोठा पांडा नसल्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गातून निघणाऱ्यांनी थेट चीनमधील चेंगडूच्या पांडा संशोधन केंद्राचा बेत आखावा. पिल्ले बहुधा जुलै ते सप्टेंबरदरम्यान जन्मतात आणि जन्मतः जेमतेम १०० ग्रॅमची, गुलाबी व आंधळी असतात. म्हणून गणपतीच्या रजेला जोडून गेल्यास आई पिल्लाला छातीशी धरून आतच बसलेली असण्याचा संभव अधिक. (तसेही गणपतीत घर सोडणारा कोकणी माणूस विरळाच.) मार्चच्या सुमारास मात्र पिल्लू झाडावर चढू लागलेले असते आणि हवाही सोसवते.

सकाळी दार उघडताच आत जावे, कारण पोट भरले की पांडा तासन्‌तास झोपतो आणि उकाडा वाढला की त्याला आत घेतात. आई खात असेल तर घाई करू नये. मनगटाचे वाढलेले हाड अंगठ्यासारखे वापरून ती बांबू पकडते, दातांनी हिरवी साल सोलून बाजूला टाकते आणि आतला गाभा कडाकडा चावते. पिल्लाच्या कोलांट्यांपेक्षा हे पाहणे मला अधिक मोलाचे वाटते. फ्लॅश बंद ठेवावा, काचेवर थापा मारू नयेत आणि मुलांना हाका मारण्यापासून आवरावे.