एनिसकेरीला जाताय? धबधबा बागेत नाही

डब्लिनहून विकलो डोंगरांच्या पायथ्याशी एनिसकेरीला येणारे बरेच जण पॉवर्सकोर्ट या जुन्या इस्टेटीची बाग आणि १२१ मीटरचा धबधबा एकाच आवारात समजतात. धबधबा बागेपासून ६ किलोमीटर लांब, तिकीटही वेगळं.

१. बसने आलात तर फक्त बाग धरा. चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून चढाने चालत जाता येतं. फाटक लागलं म्हणजे पोचलो असं नाही, आत झाडांमधून बरंच चालायचं आहे.
२. धबधबाही हवाच असेल तर गाडी किंवा टॅक्सी, आणि परतीची टॅक्सी आधीच ठरवून ठेवा.
३. लीप कार्ड (आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) घ्या. डब्लिन बसमध्ये नोटा चालत नाहीत, नाणी जास्त दिली तर उरलेले पैसेही परत मिळत नाहीत.

धबधब्याकडे पायी निघू नका. रस्ता अरुंद, वळणावळणाचा आहे.