शंभर सीसीची गाडी: इंजिनाचे लाड, बाकीची आबाळ – या चुका टाळा

गॅरेजात गाडी सोडताना गिऱ्हाईक काय सांगतं, ते कधी ऐका. ‘ॲव्हरेज देत नाही’, ‘आवाज येतोय’, ‘पिकअप मेलंय’. तक्रार फिरून फिरून इंजिनाचीच, कारण बोलतं ते इंजिन. चेन, ब्रेक, टायर, दिवा ही मंडळी गपगुमान झिजत राहतात. इंजिन बिघडलं तर गाडी रस्त्याच्या कडेला थांबते, एवढंच. यांच्यापैकी एखादं बिघडलं तर माणूस पडतो. आणि ॲव्हरेजच्या म्हणून आलेल्या बऱ्याच तक्रारी शेवटी यांच्याच निघतात. म्हणून सुरुवात यांच्यापासून.

चेन: सैल दिसली की आवळ

चेन खडखड करायला लागली की पाना घ्यायचा आणि ताणून टाकायची, ही सर्रास चालणारी पद्धत. पण चेनला थोडा झोल, म्हणजे वर-खाली हलायला ढिलाई, हवाच. तुम्ही सीटवर बसलात, मागे कोणी बसलं, गाडी खड्ड्यात आपटली, की मागचं चाक वर येतं आणि चेन आणखी ताणली जाते. स्टँडवरच ती तारेसारखी ताठ केली असेल तर तो सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. बहुतेक 100 ते 125 सीसीच्या गाड्यांना हा झोल 20 ते 30 मिलिमीटरच्या आसपास लागतो. नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतो. ते पुस्तक डिकीच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत अजून तसंच असेल.

झोल मोजतानाही एकाच जागी बोट लावून भागत नाही. मेन स्टँडवर गाडी न्यूट्रलला ठेवून चाक हाताने फिरवा आणि चेन सगळ्यात ताठ कुठे होते ते बघा. मोजायचं तिथे. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती असेल तर चेन असमान ताणली गेली आहे. ती आवळून सुधारत नाही. स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राचे) दात करवतीसारखे एका अंगाला झुकलेले दिसले तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. नुसती चेन बदलून पैसे वाचत नाहीत, जुने दात नवी चेन लवकरच खाऊन टाकतात.

आता ज्याकडे सहसा कुणाचंच लक्ष जात नाही ते. चेन ताणायची म्हणजे मागचं चाक मागे सरकवायचं. चाकाबरोबर ड्रमची ब्रेक प्लेट मागे जाते आणि ब्रेकचा रॉड आपोआप ओढला जातो. म्हणजे चेन नीट झाली, पण ब्रेक किंचित धरलेला राहिला. दहा किलोमीटर गेल्यावर हब (चाकाचा मधला भाग) हाताला चटका देतो, लायनर (ड्रमच्या आत घासणारे ब्रेकचे पट्टे) फुकट झिजतात, आणि आठ दिवसांनी तोच माणूस ‘ॲव्हरेज देत नाही’ म्हणून परत येतो. चेन आवळली की ब्रेकचा नट पुन्हा सेट करायचा, चाक हाताने मोकळं फिरतंय का बघायचं. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना, तेही तपासायचं, नाहीतर चाक तिरकं बसतं. आणि ब्रेक प्लेटला धरून ठेवणारी ती पट्टी सैल केली असेल तर तिचा नट आवळून पिन घातलीच पाहिजे. ती सुटली तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरू शकते आणि चाक जाम होतं.

इंजिनातून काढलेलं काळं ऑइल चेनला फासू नका. त्यात बारीक धातू आणि काजळी असते, वरून धूळ बसली की घासायची पेस्टच तयार होते. आधी फडक्याने चेन पुसा, मग 90 नंबरचं गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे मारा, आणि उरलेलं पुसून टाका.

आणि हे काम इंजिन बंद ठेवूनच. गाडी मेन स्टँडवर, पहिल्या गिअरमध्ये, चाक आपोआप फिरतंय आणि माणूस फडकं धरून बसलाय, हे दृश्य गावोगाव दिसतं. फडक्याचा धागा चेनमध्ये अडकला की त्याच्यामागून बोट जातं. स्प्रॉकेट आणि चेनच्या मध्ये गेलेलं बोट शाबूत परत येत नाही.

ब्रेक: पुढचा नको, घाटात इंजिन नको

‘पुढचा ब्रेक मारू नको, पालथा होशील.’ गाडी शिकवणाऱ्या प्रत्येक काकाने हे सांगितलेलं असतं. काकांची काळजी खरी, सल्ला अर्धवट. ब्रेक लागताच गाडीचं वजन पुढे येतं, म्हणजे रस्त्यावरची पकड पुढच्या चाकाकडे जाते आणि मागचं हलकं होतं. नुसत्या मागच्या ब्रेकवर गाडी थांबायला बरंच जास्त अंतर लागतं, शिवाय मागचं चाक घसरून गाडी आडवी होते ती वेगळीच. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू दाब वाढवत, हँडल सरळ असताना. वाळू, शेण, चिखल किंवा वळण असेल तर ब्रेक त्याच्या आधीच लावून घ्यायचा.

1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एकत्रित ब्रेक किंवा एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे. एकत्रित ब्रेकच्या गाडीत पाय दाबला की पुढचाही थोडा लागतो. थोडाच. त्यामुळे हाताचा ब्रेक सुट्टीवर गेला असं समजू नका. ‘पुढे धरल्यासारखं वाटतं’ म्हणून त्याची केबल ढिली करून घेणारेही आहेत. धरल्यासारखं वाटत असेल तर सेटिंग चुकलंय, ते दुरुस्त करून घ्या.

घाट उतरताना इंजिन बंद करणं किंवा न्यूट्रल टाकणं ही पेट्रोल वाचवायची जुनी युक्ती. आंबेनळी किंवा वरंधा घाटात असं उतरणाऱ्याचे ड्रम तापत जातात, आणि तापलेला ड्रम धरत नाही; नेमकं शेवटच्या वळणांवर लिव्हर दाबूनही गाडी पुढेच जात राहते. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिन स्वतःच गाडी ओढून धरतं. उरला प्रश्न पेट्रोलचा. इंजेक्शनच्या (कार्बोरेटरऐवजी पंपाने पेट्रोल फवारणाऱ्या) बऱ्याच गाड्यांत थ्रॉटल पूर्ण सोडून गिअरमध्ये उतरताना पेट्रोल बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतं. म्हणजे न्यूट्रल टाकून वाचवायला निघालेला माणूस उलट खर्च करतो.

लायनर किती उरलेत हे बघायला चाक खोलावं लागत नाही. ब्रेक पूर्ण दाबा आणि ब्रेक प्लेटवरच्या लिव्हरजवळचा बाण कुठे जातो ते बघा. प्लेटवरच्या खुणेला टेकला की लायनर संपले. मग रॉडचा नट आणखी फिरवण्यात अर्थ नाही. पुढे डिस्क असेल तर ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, दोन वर्षांनी बदला. कोणतं घालायचं, डॉट 3 की डॉट 4, ते हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीवर वाचून घ्या.

हवा

पंपावर ‘किती?’ विचारलं की ‘टाक तीस-तीस’. पुढे आणि मागे सारखी हवा नसते. स्प्लेंडरसारख्या गाडीला पुढे 25 आणि मागे एकट्यासाठी 28 पीएसआयच्या आसपास, आणि डबलसीट असाल तर मागे त्याहून बरीच जास्त. आकडे बहुधा चेन कव्हरवर किंवा मागच्या काट्याजवळच्या स्टिकरवर असतात. टायर थंड असताना भरा. लाथ मारून हवा कळत नाही. खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे टायरच्या नक्षीला टेकले की टायर गेला, मग तो ‘अजून दिसायला चांगला’ असला तरी.

वजन, दिवा आणि ओढणी

दुधाचा चाळीस लिटरचा भरलेला कॅन चाळीस किलोच्या वरच जातो. असे दोन अडकवले आणि चालवणारा सत्तर किलोचा धरला तर दीडशे झाले. या गाड्यांची माणसांसकट वजन वाहायची मर्यादा साधारण 130 ते 150 किलोच्या घरात असते. पण आकड्यापेक्षाही वजन कुठे आहे ते महत्त्वाचं. मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे लोंबणारं वजन पुढचं चाक हलकं करतं. हँडल हलायला लागतं, पुढचा ब्रेक धरेनासा होतो. वजन जमेल तितकं पुढे आणि खाली बांधा, दोन्ही बाजूंना सारखं. मागच्या शॉकअपच्या खाचा त्यासाठीच असतात, वजन असेल तेव्हा एक-दोन खाचा चढवा.

मागे वजन बसलं की दिवा आभाळाकडे बघतो. समोरच्याच्या डोळ्यांत उजेड, आपल्या पुढ्यात अंधार. ऊसपट्ट्यात हंगामाच्या दिवसांत हे फार अंगाशी येतं. कारखान्याकडे निघालेल्या डबल ट्रॉलीला मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि रस्त्यावर सांडलेला ऊस. वजन लादल्यावर एकदा भिंतीवर उजेड पाडून दिवा खाली करून घ्या, आणि समोरून गाडी आली की डिपर मारण्याचा आळस करू नका.

साडीचा पदर किंवा ओढणी चाकात जाऊन होणारे अपघात पूर्णपणे टाळता येतात. केंद्रीय मोटार वाहन नियम 123 प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरायची कडी, पायाला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारी जाळी लागते. ‘लूक जातो’ म्हणून जाळी काढून टाकणाऱ्याच्या मागे बसूच नये, असं माझं मत आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हार्नेस आणि हेल्मेट लागतं, आणि वेग 40 च्या आत. टाकीवर बसवलेलं मूल ब्रेक लागताच हँडलवर आदळतं.

हेल्मेटबद्दल एवढंच: आयएसआयचा, पट्टा लावलेला, डोक्यावर.

ऑइल आणि धुलाई

कारचं उरलेलं ऑइल गाडीत ओतू नका. या गाड्यांत क्लच प्लेटा इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ असतात, त्यांनी क्लच घसरतो: रेस वाढते, गाडी ओढत नाही. डबीवर जासो एमए किंवा एमए 2 (ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं असावं. ऑइल बघताना गाडी मेन स्टँडवर सरळ हवी. बऱ्याच गाड्यांत काडी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. फिरवून बघितली तर ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.

सर्व्हिसिंगला डिझेल मारून इंजिन चकाचक करतात, ते मला पटत नाही. रबरी सील आणि वायरींना डिझेल सोसत नाही. प्रेशरचं पाणी चाकाच्या बेअरिंगवर, स्विचवर, सायलेन्सरच्या तोंडात नको. धुऊन निघालात की पहिल्या शंभर मीटरात ब्रेक हलके दाबून ड्रम वाळवा. एअर फिल्टर स्पंजचा असेल तर धुता येतो. तेल लावलेला कागदी फिल्टर मात्र हवा मारून साफ करायचा नसतो, बदलायचाच असतो.

गाडी चालू होत नाही

सेल्फ दाबला, काहीच हालचाल नाही. आधी हँडलवरचा इंजिन बंद करायचा लाल स्विच बघा, कुणीतरी पोराने खेळता खेळता दाबलेला असतो. मग साइड स्टँड वर आहे का, मग क्लच दाबलाय का. हॉर्न दाबा: घोगरा आला तर बॅटरी उतरलीय. हॉर्न, इंडिकेटर सगळंच मुकं असेल तर फ्यूज. त्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालू नका. फ्यूज उडाला तो वायरिंग जळू नये म्हणून, आणि वायरिंग टाकीखालूनच जातं.

चालू होते, पण गिअर टाकताच बंद पडते? साइड स्टँडच्या सेन्सरमध्ये चिखल भरलेला असतो. पाण्याने धुऊन स्टँड चार वेळा वर-खाली करा.

पडलेली गाडी उचलल्यावर चालू होत नसेल तर चावी बंद करून पुन्हा चालू करा. काही गाड्यांत आडवी पडताच इंजिन बंद करणारा सेन्सर असतो.

2020 च्या एप्रिलपासून बीएस 6 (प्रदूषणाचे नवे निकष) आल्यावर छोट्या गाड्यांतही इंजेक्शन आलं. चावी फिरवली की टाकीखालून दोन-तीन सेकंद ‘गुंऽऽ’ असा पंपाचा आवाज येतो का ऐका. नाही आला तर किक मारून घाम गाळण्यात अर्थ नाही. अशा गाडीला रिझर्व्हवरच ठेवायची सवय वाईट, कारण पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो.

चार-पाच किलोमीटर व्यवस्थित चालते, मग गुदमरून बंद. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. टाकीचं झाकण उघडून बघा. ‘फुस्स’ आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय. पावसाळ्यात पाणी जाऊ नये म्हणून झाकणाखाली पिशवी घालणारे हा आजार हाताने ओढवून घेतात. टाकीत पाणी जाऊ द्यायचं नाही हे खरंच. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात, जिथून पेट्रोल इंजिनाकडे जातं. पण उपाय झाकणाचं रबर बदलणं हा आहे, पिशवी नव्हे.

राहिली पुरातली गाडी. गाडी पाण्यात बुडून बंद पडली असेल तर सेल्फ अजिबात मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हजाराचं काम वीस हजारांवर जातं. ढकलत बाहेर काढा, चावी बंद ठेवून प्लग काढा, किक मारून पाणी बाहेर येऊ द्या, एअर फिल्टरचा डबा रिकामा करा. मग ऑइल बघा. दुधाळ दिसलं तर गाडी चालू करण्याआधी बदला, आणि थोडी चालवून झाली की आणखी एकदा बदला, कारण पहिल्या वेळी सगळं पाणी निघत नाही.