जर्मन जोडशब्दांचा विग्रह करताना या चुका टाळा

जर्मन शिकताना लांबलचक सामासिक शब्द फोडून अर्थ लावायची सवय लवकर लागते, आणि ती उपयोगीच आहे. 'फिंगरहूट' म्हणजे बोटाची टोपी, अर्थात शिवणकामातलं अंगुस्तान. विग्रह केला की शब्द पक्का लक्षात राहतो. घोळ होतो तो या फोडीलाच व्युत्पत्ती समजल्यामुळे.

'माउलवुर्फ' घ्या. मोल नावाच्या, जमिनीखाली बोगदे खणून मातीचे ढीग वर काढणाऱ्या प्राण्याचं हे नाव. आज 'माउल' म्हणजे जनावराचं तोंड आणि 'वुर्फ' म्हणजे फेक. त्यामुळे 'तोंडाने माती फेकणारा' असं बेधडक सांगितलं जातं. पण मोल खणतो पुढच्या रुंद पंजांनी! अर्थ असा अडला की शब्दाचं जुनं रूप शोधा. प्राचीन उच्च जर्मनमध्ये, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या जर्मनमध्ये, हा शब्द 'मूवेर्फ' होता, म्हणजे ढिगारा टाकणारा. पुढे 'मू' कुणाला कळेनासा झाला, तिथे माती या अर्थाचा 'मोल्ट' आला. तोही विस्मरणात गेल्यावर ओळखीचा 'माउल' येऊन बसला. यालाच लोकव्युत्पत्ती म्हणतात. बोलणाऱ्यांनी न कळणाऱ्या शब्दाला स्वतःच दिलेला हा अर्थ मला फार मोलाचा वाटतो. त्याला नुसतं 'चूक' म्हणून सोडू नये, पण शब्दाचं मूळ म्हणूनही सांगू नये.

याहून फसवी चूक म्हणजे अर्थ चपखल बसला की शोध थांबवणं. 'हेंगेमाटे' म्हणजे दोन झाडांना बांधायची झोळी. 'हेंगेन' म्हणजे टांगणं, 'माटे' म्हणजे चटई. शंका येणार तरी कशी? पण मूळ शब्द कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो लोकांचा, 'हमाका'. तो स्पॅनिशमार्गे युरोपात पोचला आणि डच लोकांच्या तोंडी 'हांगमाट' झाला. 'फ्रीडहोफ' म्हणजे दफनभूमी, तिचंही तसंच. 'फ्रीडन' म्हणजे शांतता, म्हणून 'शांततेचं आवार' हे पटतं. मुळात मात्र तो 'फ्रीटहोफ', कुंपण घालून राखलेलं आवार.

फोड चुकीच्या जागी पडली तर वेगळीच गंमत. 'श्टाउबेकन' हे 'श्टाउ-बेकन' वाचलं तर जलाशय, 'श्टाउब-एकन' वाचलं तर धुळीचे कोपरे. इथे संदर्भच बघावा लागतो.

मुळासाठी 1883 साली पहिल्यांदा निघालेला फ्रीडरिख क्लुगे यांचा व्युत्पत्तिकोश आजही सुधारित आवृत्त्यांत मिळतो. 'डीडब्ल्यूडीएस' हा कोश तर इंटरनेटवर मोफत आहे. त्यात अर्थाखालचा 'एटिमोलोगी' म्हणजे व्युत्पत्ती हा भाग उघडा आणि सर्वांत जुनं रूप आधी वाचा.