लेट, लॅटर, लेटली: कोणता शब्द कुठे वापरायचा

बडोद्याच्या दांडिया बाजारात संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणारी बरीच मुलं परदेशी जायच्या तयारीत असतात. व्याकरण त्यांना येतं, पण 'लेट' म्हटलं की उशिरापलीकडे काही सुचत नाही. या शब्दाचा गोतावळा मात्र मोठा आहे.

'लेट'ला 'ली' लावला की अर्थच बदलतो. 'ही केम लेटली' हे चूक, 'ही केम लेट' बरोबर. 'लेटली' म्हणजे हल्ली. 'आय हॅव बीन वर्किंग लेट लेटली', म्हणजे हल्ली मी उशिरापर्यंत काम करते. हे वाक्य मी मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेते. दोन्ही शब्द शेजारीशेजारी आले की फरक कानात बसतो.

'आय ॲम गेटिंग लेट' आपल्याकडे चालतं. लंडनला 'आय ॲम रनिंग लेट' म्हणा. तसंच 'लेटेस्ट बाय मंडे' नको, 'बाय मंडे ॲट द लेटेस्ट' हवं.

सगळ्यांत जास्त घोळ 'लेटर' आणि 'लॅटर'चा. एका टीचा 'लेटर' म्हणजे नंतर. दोन टींचा 'लॅटर', उच्चार 'बॅट'मधल्यासारखा, म्हणजे दोघांपैकी दुसरा. तिघं असले तर तो वापरायचा नाही. याला बडोद्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरीकडे मिळालं नसतं. सयाजीराव तिसरे यांच्या दोन्ही राण्यांचं नाव चिमणाबाई. पहिल्या १८८५ मध्ये वारल्या आणि रावपुऱ्यातला टॉवर १८९६ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ बांधला गेला. म्हणून 'द टॉवर इज नेम्ड आफ्टर द फॉर्मर, नॉट द लॅटर'.

दिवंगत या अर्थाच्या 'लेट'आधी 'द' किंवा 'माय' लागतं: 'माय लेट फादर'. 'माय फादर इज लेट' म्हटलंत तर वडिलांना यायला उशीर झालाय, एवढंच ऐकणाऱ्याला कळेल. शिवाय हा शब्द अलीकडे गेलेल्यांसाठी आहे. महाराज १९३९ मध्ये गेले. त्यांना आज 'द लेट सयाजीराव' लिहू नये. 'इन द लेट नाइन्टीन थर्टीज' मात्र बिनधास्त लिहा, तिथे दशकाची अखेर अभिप्रेत आहे.

हयात लेखकाच्या नव्या पुस्तकाला 'लेटेस्ट' म्हणा. 'लास्ट' म्हटलं तर त्याने लेखणी खाली ठेवली, असा समज होऊ शकतो.

जुन्या इंग्रजीत 'लेट'चा मूळ अर्थ संथ, मंद. 'लॅटर' आणि 'लास्ट' त्यातूनच आले. त्याच मुळातून एल-ई-टी असा एक आखूड 'लेट'ही निघाला, अर्थ अडथळा. टेबल टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला घासून पलीकडे नीट पडली की पंच तो पुकारतात. पासपोर्ट काढला असेल तर उघडून बघा. राष्ट्रपतींच्या नावाने केलेल्या विनंतीत 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' असे शब्द आहेत. तिथला 'लेट' परवानगीचा नाही, अडवणुकीचा आहे.